'सूत्रांनी सांगितलं' म्हणजे नेमकं कोणी सांगितलं?

३० जून २०२२ ची दुपार आठवा. आदल्या रात्री उद्धव ठाकरे यांनी राजीनामा दिला होता, एकनाथ शिंदे गोव्याहून मुंबईत दाखल झाले होते आणि वाहिन्यांच्या पट्ट्यांवर देवेंद्र फडणवीस यांच्या शपथविधीची तयारी सुरू झाली होती. 'सूत्रांच्या माहितीनुसार' सगळं ठरलेलं होतं. मग राजभवनात फडणवीस माइकसमोर आले आणि म्हणाले, मुख्यमंत्री शिंदे होतील, मी सरकारबाहेर राहीन. सूत्रं तोंडावर आपटली. पण गंमत पुढेच आहे. काही तासांत दिल्लीहून निरोप आला आणि संध्याकाळी फडणवीसांनी उपमुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. म्हणजे कॅमेऱ्यासमोर, नावानिशी, स्वतःबद्दल सांगितलेली गोष्टही संध्याकाळपर्यंत टिकली नाही.

अशा दिवशी दोन प्रतिक्रिया हमखास ऐकू येतात. 'सूत्रं-बित्रं काही नसतं हो, हे लोक ऑफिसात बसून मनाने लिहितात.' आणि बातमी आपल्या मनासारखी असली की, 'आतली पक्की खबर आहे, कुठे बोलू नका,' असं म्हणून तीच दहा जणांना पाठवायची. पुष्कळदा ही दोन्ही माणसं एकच असतात. निनावी माहितीमुळे सरकारं अडचणीत आली आहेत, एका राष्ट्राध्यक्षाला घरी जावं लागलं आहे, आणि एका युद्धासाठी लोकांची मनं तयार करायलाही तिचाच उपयोग झाला आहे. तिच्यावर सरसकट विश्वास ठेवणं जितकं भाबडेपणाचं, तितकंच तिला सरसकट थाप म्हणणंही.

निनावी, पण कोणासाठी?

राजकीय माणूस बातमीदाराशी बोलतो तेव्हा बोलण्याच्या अटी ठरतात, निदान ठरायला हव्यात. 'ऑन रेकॉर्ड' म्हणजे नाव आणि वाक्य, दोन्ही छापा. 'ऑफ द रेकॉर्ड' म्हणजे फक्त तुमच्या कानावर घालतोय, छापायचं नाही. या दोहोंच्या मधला प्रकार 'बॅकग्राउंड': माहिती वापरा, नाव घालू नका. आपल्याकडे 'ऑफ द रेकॉर्ड सांगतो हं' म्हणणाऱ्या नेत्याला बहुतेक वेळा हा मधलाच प्रकार हवा असतो. बातमी छापून यावी ही त्याचीच इच्छा असते. फक्त उद्या पक्षाध्यक्षांचा फोन आला तर 'मी कुठे काय बोललो?' म्हणायची सोय हवी असते.

तर 'सूत्र' म्हणजे या मधल्या अटीवर बोललेला माणूस. वाचकाला तो ठाऊक नाही, बातमीदाराला ठाऊक आहे. संपादकाला ठाऊक आहे का? खरी गोम इथे आहे.

सप्टेंबर १९८० मध्ये 'वॉशिंग्टन पोस्ट'ने हेरॉइनच्या आहारी गेलेल्या आठ वर्षांच्या मुलाची हकिगत छापली. लिहिणाऱ्या जॅनेट कुक यांनी मुलाचं आणि घरच्यांचं खरं नाव गुप्त ठेवलं आणि वरिष्ठांनीही ते मागून घेतलं नाही. पुढच्या एप्रिलमध्ये या लेखाला पुलित्झर पारितोषिक जाहीर झालं आणि काही दिवसांतच परत करावं लागलं, कारण असा मुलगाच नव्हता. गंमत अशी की याच दैनिकाने वॉटरगेटच्या, म्हणजे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना पायउतार व्हायला लावणाऱ्या प्रकरणाच्या, वेळी जवळपास असंच केलं होतं. बातमीदार बॉब वुडवर्ड यांच्या सगळ्यांत महत्त्वाच्या सूत्राचा हुद्दा साधारण कोणता, एवढंच संपादक बेन ब्रॅडली यांना माहीत होतं. नाव त्यांनी निक्सन पायउतार झाल्यावर विचारलं. तेव्हा ते निभावलं, कुकच्या वेळी अंगाशी आलं. आज जबाबदार वृत्तपत्रांत आणि वृत्तसंस्थांत नियम असतो की बातमीदाराखेरीज निदान एका संपादकाला सूत्राचं नाव सांगितलंच पाहिजे. 'मनाने लिहितात' या शंकेवरचा इलाज तो हाच. तुमच्या आवडत्या वर्तमानपत्रात किंवा वाहिनीत असा नियम आहे का, हे तिथल्या कोणी कधी छापून सांगितलंय का, ते बघा.

एक प्रकार मात्र यातून वगळायला हवा. 'राजकीय वर्तुळात चर्चा आहे', 'असे बोलले जाते', 'कुजबुज सुरू झाली आहे' या वाक्यांमागे सूत्रही नसतं. कोण बोललं याचा पत्ताच नाही. मंत्रालयाच्या आवारात चहा पिताना चार बातमीदार एकमेकांशी जे बोलतात तीसुद्धा 'राजकीय वर्तुळातली चर्चा'च असते. फक्त एवढ्याच आधारावर उभी असलेली बातमी मी तरी वाचून सोडून देतो.

स्वार्थ असला म्हणजे खोटं असतं का?

कोणीही फुकट माहिती देत नाही, हे खरं आहे. पण त्यावरून माहिती खोटी ठरत नाही.

मुलीसाठी स्थळ आलं की आपण चौकशी करतो. मध्यस्थ म्हणतो मुलगा लाखात एक. त्याला लग्न जमायला हवंय. शेजारी म्हणतो तिरसट आहे. त्याचा या घराशी बांधावरून वाद असेल. म्हणून आपण दोघांना विचारायचं सोडत नाही. मुलगा रात्री किती वाजता घरी येतो हे शेजाऱ्याला नक्की ठाऊक असणार, त्याच्या डोक्यावर कर्ज किती हे मात्र नाही. कोण सांगतोय, त्याला ते कळायचा मार्ग काय आणि त्याचं त्यात काय अडकलंय, यावर आपण प्रत्येकाच्या बोलण्याचं वजन ठरवतो. निनावी बातमीत हीच पंचाईत होते: बोलणारा मध्यस्थ आहे की शेजारी, हेच वाचकापासून झाकलेलं असतं.

वॉटरगेटचं सूत्र होते मार्क फेल्ट, अमेरिकेच्या 'एफबीआय' या तपासयंत्रणेतले दुसऱ्या क्रमांकाचे अधिकारी. मे १९७२ मध्ये त्यांचे प्रमुख एडगर हूवर वारले. आता आपला नंबर, असं फेल्टना वाटत असताना निक्सन यांनी बाहेरून पॅट्रिक ग्रे यांना आणून बसवलं. १७ जूनला वॉटरगेट इमारतीत विरोधी पक्षाच्या कार्यालयात शिरलेली माणसं पकडली गेली आणि नव्या साहेबांच्या काळात तपासात व्हाइट हाऊसची लुडबुड होताना फेल्ट यांनी पाहिली. ते वुडवर्डशी बोलू लागले. देशाची काळजी की डावलल्याचा राग? मला वाटतं दोन्ही. ३१ मे २००५ ला, वयाच्या नव्वदीत, त्यांनी आपलं नाव जाहीर होऊ दिलं, तेव्हा हा वाद अमेरिकेत पुन्हा रंगला. पण त्यांच्या रागामुळे घुसखोरांपर्यंत पोचलेल्या पैशांचा माग काही बदलत नव्हता.

बोफोर्स: एकाच प्रकरणात दोन तऱ्हेची सूत्रं

आपल्या देशातलं सर्वांत शिकवणारं उदाहरण बोफोर्सचं आहे. मार्च १९८६ मध्ये भारत सरकारने स्वीडनच्या बोफोर्स कंपनीशी १,४३७ कोटी रुपयांचा तोफांचा करार केला. १६ एप्रिल १९८७ ला स्वीडिश रेडिओने बातमी दिली की करार मिळवण्यासाठी दलाली दिली गेली. सरकारने कानावर हात ठेवले. त्यानंतर चित्रा सुब्रमण्यम यांनी युरोपातून आणि एन. राम यांनी चेन्नईहून, म्हणजे तेव्हाच्या मद्रासहून, 'द हिंदू'मध्ये हे प्रकरण लावून धरलं. १९८९ च्या निवडणुकीत काँग्रेसची सत्ता गेली, त्यात या बातम्यांचा वाटा मोठा होता.

या बातम्यांच्या मुळाशी असलेला माणूस कोण, हे वाचकांना २५ वर्षं कळलं नाही. एप्रिल २०१२ मध्ये तो स्वतःच पुढे आला: स्टेन लिंडस्ट्रॉम, स्वीडनमधल्या तपासाचे प्रमुख पोलीस अधिकारी. चित्रा सुब्रमण्यम यांनाच मुलाखत देऊन त्यांनी हे सांगितलं. त्यांनी तेव्हा 'मला असं असं कळलंय' एवढ्यावर काम भागवलं नव्हतं. कागद दिले होते, शेकडो: बँकांना दिलेल्या पैसे पाठवायच्या सूचना, करार, हाताने लिहिलेल्या नोंदी. ज्या कंपन्यांच्या नावाने पैसे गेले त्या कंपन्या होत्या की नव्हत्या, सह्या कोणाच्या, तारखा जुळतात का, हे पत्रकारांना लिंडस्ट्रॉम यांच्यावर विसंबून न राहता तपासता येत होतं. बोफोर्सलाही, भारत सरकारलाही तपासता येत होतं. सूत्र निनावी होतं, पुरावा निनावी नव्हता.

आता याच प्रकरणातला दुसरा धागा. १९९० मध्ये स्वीडनच्या 'दागेन्स न्यूहेटर' या मोठ्या दैनिकाने बोफोर्सच्या पैशांशी बच्चन कुटुंबाचं नाव जोडणारी बातमी दिली. बच्चन यांनी लंडनमध्ये दावा लावला आणि दैनिकाला माघार घ्यावी लागली. लिंडस्ट्रॉम यांनी २०१२ च्या मुलाखतीत सांगितलं की ही बातमी स्वीडनला आलेल्या भारतीय तपास अधिकाऱ्यांनी त्या दैनिकात पेरली होती. तेही तपासातलेच लोक, तेही निनावी, वरून भारत सरकारचा शिक्का. बातमी घेणाऱ्याला ती विश्वासार्ह वाटली असणार यात नवल नाही. आणि त्याच मुलाखतीत लिंडस्ट्रॉम यांनी असंही सांगितलं की राजीव गांधी यांनी स्वतः लाच घेतल्याचा पुरावा आपल्याला सापडला नव्हता, मात्र दलालीत नाव आलेले इटालियन व्यापारी क्वात्रोकी यांना वाचवण्यासाठी चाललेली सारवासारव राजीव पाहत राहिले. स्वतःची बाजू भक्कम करण्यासाठी त्यांना हे सांगायची काहीच गरज नव्हती. मला हा माणूस विश्वसनीय वाटतो तो यामुळे: जिथे त्याची माहिती संपत होती, तिथे तो थांबला.

महाराष्ट्रातही याची आठवण आहे. ३१ ऑगस्ट १९८१ ला अरुण शौरी यांनी 'इंडियन एक्स्प्रेस'मध्ये मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांच्या प्रतिष्ठानाला मिळणाऱ्या देणग्या आणि टंचाईच्या काळातलं सिमेंटवाटप यांचा संबंध मांडला. मजकूर नोंदी, रकमा आणि कागद यांवर उभा होता. जानेवारी १९८२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल विरोधात गेला आणि अंतुले यांनी राजीनामा दिला. कागद कोणी बाहेर दिले, हा प्रश्न तेव्हाही दुय्यमच ठरला होता.

'दोन सूत्रांनी दुजोरा दिला' म्हणजे पक्कं?

पत्रकारितेत जुना दंडक आहे: एकाने सांगितलं तर थांबा, दुसऱ्याकडून खात्री करून घ्या. दंडक चांगला आहे, पण त्याच्या मर्यादा दाखवणारं एक उदाहरण फार नमुनेदार आहे.

८ डिसेंबर २०१७ ला 'सीएनएन'ने बातमी दिली की ट्रम्प यांच्या मुलाला ४ सप्टेंबर २०१६ रोजी एक ईमेल आला होता, ज्यात गुप्त कागद उघड करणाऱ्या 'विकिलीक्स' या संकेतस्थळाकडची कागदपत्रं उघडण्याची किल्ली होती. तारीख महत्त्वाची, कारण ती कागदपत्रं तेव्हा जगाला उपलब्ध नव्हती. म्हणजे आतून संगनमत असल्याचा वास. एकापेक्षा जास्त सूत्रांनी सांगितलं होतं. पाठोपाठ आणखी एका वाहिनीने आपणही खात्री केल्याचं म्हटलं. काही तासांत 'वॉशिंग्टन पोस्ट'ने प्रत्यक्ष ईमेल मिळवला. त्यावर तारीख होती १४ सप्टेंबर, आणि कागदपत्रं त्याच्या आदल्याच दिवशी सगळ्यांसाठी खुली झाली होती. एका आकड्याने बातमीतला जीव गेला. बातमीदारांनी ईमेल डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. सूत्रं वेगवेगळी होती, पण त्या सगळ्यांची चूक एकच होती. दोन साक्षीदारांनी एकाच तिसऱ्याकडून ऐकलेलं असेल तर तो एकच साक्षीदार असतो, आणि हे बाहेरून कळत नाही.

वॉटरगेटच्या गाजलेल्या बातमीदारांचीही यात एकदा चांगलीच फजिती झाली होती. २५ ऑक्टोबर १९७२ च्या बातमीत त्यांनी लिहिलं की निक्सन यांचे उजवे हात हाल्डमन यांचा गुप्त निधीवर ताबा होता, आणि तसं निक्सन यांच्या प्रचार समितीचे खजिनदार ह्यू स्लोन यांनी ग्रँड ज्युरीसमोर (खटला भरायचा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळासमोर) सांगितलं. खात्री करताना कार्ल बर्न्स्टीन यांनी न्याय खात्यातल्या एका वकिलाला फोनवर सांगितलं: मी दहापर्यंत मोजतो, बातमीत गडबड असेल तर त्याआधी फोन ठेवून द्या. समोरच्याचा सांकेतिक भाषेत गोंधळ झाला, फोन ठेवला गेला नाही आणि बातमी छापली गेली. स्लोन यांच्या वकिलाने बातमी आली त्याच दिवशी जाहीर सांगितलं की असं काही ज्युरीसमोर बोललंच गेलं नाही. निधीचा भाग खरा होता, साक्षीचा भाग खोटा. व्हाइट हाऊसने या अर्ध्या चुकीवरून सगळ्या मालिकेलाच झोडपून काढलं.

मोठा साहेब की खालचा कारकून?

आपला समज असा की सूत्र जितकं 'वरिष्ठ', तितकी बातमी पक्की. २००२ सालात याच्या उलट घडलं.

८ सप्टेंबर २००२, रविवार. 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या पहिल्या पानावर बातमी होती की इराकचे सद्दाम हुसेन अणुबॉम्बच्या कामासाठी खास ॲल्युमिनियमच्या नळ्या मिळवायच्या खटपटीत आहेत. आधार: सरकारमधले अधिकारी, नाव नाही. त्याच सकाळी उपाध्यक्ष डिक चेनी टीव्हीवर आले आणि नळ्यांचा मुद्दा मांडताना त्यांनी त्या दिवशीच्या 'न्यूयॉर्क टाइम्स'चाच दाखला दिला. सरकारी माणसांनी कानात सांगायचं, पेपरने छापायचं आणि मग सरकारनेच म्हणायचं, बघा, पेपरातही आलंय! नळ्या बहुधा साध्या रॉकेटसाठी आहेत असं सांगणारे तज्ज्ञ सरकारातच होते, पण ते खालच्या पायरीवर होते. पुढच्या मार्चमध्ये युद्ध सुरू झालं. अण्वस्त्रं निघाली नाहीत. २६ मे २००४ ला त्या दैनिकाच्या संपादकांनी वाचकांसाठी निवेदन छापून आपल्या त्या काळातल्या बातमीदारीतल्या उणिवा कबूल केल्या.

त्याच महिन्यांत, वॉशिंग्टनमध्येच, 'नाइट रिडर' या वृत्तसमूहाचे जोनाथन लँडे आणि वॉरन स्ट्रोबेल हे दोन बातमीदार नेमकं उलटं लिहीत होते: पुरावा कच्चा आहे, गुप्तचर खात्यातले लोक अस्वस्थ आहेत. त्यांची सूत्रंही निनावीच होती. पण ती मंत्र्यांच्या दालनात बसणारी नव्हती. प्रत्यक्ष कागद हाताळणारे मधल्या फळीतले अधिकारी होते. बोलल्याबद्दल त्यांना बढती मिळणार नव्हती, झाली असती तर चौकशीच. त्या बातम्यांकडे तेव्हा फारसं कोणी पाहिलं नाही, कारण वॉशिंग्टनमध्ये त्या समूहाचं एकही दैनिक निघत नव्हतं.

माझ्या मते निनावीपणाचा सगळा प्रश्न या दोन तऱ्हेच्या सूत्रांमधल्या फरकात आहे. ज्याला नाव सांगितल्यास नोकरी गमवावी लागेल त्याचं नाव झाकणं आणि ज्याच्या समोर रोज वीस माइक असतात त्याचं नाव झाकणं, या दोन गोष्टींना एकच 'सूत्र' हा शब्द वापरून आपण घोळ करून ठेवलाय. मंत्र्याला काही सांगायचं असेल तर त्याने पत्रकार परिषद घ्यावी. त्याला झाकून ठेवायचं कारण बातमीदाराने वाचकाला पटवून द्यायला हवं. आपल्याकडच्या राजकीय बातम्यांत मात्र झाकलेली बहुतेक माणसं या दुसऱ्या प्रकारची असतात.

'वरिष्ठ', 'निकटवर्तीय' आणि इतर पाट्या

नाव नाही तर निदान पाटी तरी खरी हवी. 'पक्षातील नेता', 'वरिष्ठ नेता', 'निकटवर्तीय', 'सरकारमधील सूत्र' या पाट्या सूत्र आणि बातमीदार मिळून ठरवतात, आणि त्यात सौदा होतो.

चेनी यांचे मुख्य सहायक स्कूटर लिबी यांनी २००३ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या ज्युडिथ मिलर यांना एका टीकाकाराविरुद्धची माहिती देताना अट घातली: मला 'सरकारमधला वरिष्ठ अधिकारी' म्हणू नका, 'संसदेत पूर्वी काम केलेला कर्मचारी' म्हणा. लिबी पूर्वी खरंच तिथे कामाला होते, त्यामुळे वाक्य तांत्रिकदृष्ट्या खरं. वाचकाला मात्र वाटलं असतं की व्हाइट हाऊसचा यात काही संबंध नाही. मिलर यांनी अट मानली होती. ती बातमी त्यांनी पुढे लिहिलीच नाही म्हणून निभावलं. पण सूत्राचं नाव कोर्टाला सांगायला नकार दिल्याने त्यांनी २००५ मध्ये ८५ दिवस तुरुंगात काढले.

पाटी फुगवलीही जाते. ५ सप्टेंबर २०१८ ला त्याच दैनिकात ट्रम्प सरकारमधल्या 'वरिष्ठ अधिकाऱ्या'चा निनावी लेख आला आणि अमेरिकाभर तर्क लढले. काहींनी थेट उपाध्यक्ष पेन्स यांच्यापर्यंत मजल मारली आणि त्यांना इन्कार करावा लागला. दोन वर्षांनी कळलं की लेखक होते माइल्स टेलर, गृहसुरक्षा खात्यात मंत्र्यांच्या कार्यालयातले उपप्रमुख. हुद्दा लहान नव्हे, पण 'वरिष्ठ' म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यांसमोर आलं होतं तेवढा मोठाही नव्हे. आपल्याकडे 'निकटवर्तीय' या पाटीखाली बंगल्यावरच्या खासगी सचिवापासून वाढदिवसाचे फ्लेक्स लावणाऱ्यापर्यंत कोणीही मावतो.

पुड्या आणि चाचपण्या

'मंत्रिमंडळ विस्तार पुढच्या आठवड्यात', 'अमुक नेता नाराज', 'तमुक यांचं नाव आघाडीवर': मराठी वाचकाच्या वाट्याला येणारी निनावी बातमी बहुतेक या जातीची. हिच्यात घडलेली गोष्ट नसते, घडणारी असते. त्यामुळे सूत्र प्रामाणिक असूनही ती चुकू शकते. डिसेंबर २०२३ मध्ये मध्य प्रदेशात मोहन यादव आणि राजस्थानात पहिल्यांदाच आमदार झालेले भजनलाल शर्मा यांची नावं मुख्यमंत्री म्हणून जाहीर झाली तेव्हा आघाडीवर म्हणून दाखवलेली सगळी नावं मागे पडली. निर्णय जेव्हा दोन-चार माणसांच्या डोक्यात असतो आणि ती माणसं बोलत नाहीत, तेव्हा बाहेरच्या कड्यातली सूत्रं आपला अंदाजच माहिती म्हणून सांगतात.

शिवाय इथे बातमीच डावाचा भाग असते. इच्छुकाचे समर्थक त्याचं नाव 'आघाडीवर' आणतात ते वरच्यांच्या नजरेत भरावं म्हणून. विरोधक तेच नाव चार दिवस आधी फोडतात, कारण नाव आधी फुटलं की पत्ता कट होतो असं मानणारे लोक सगळ्या पक्षांत आहेत. आणि सरकार एखादा अवघड निर्णय घेण्याआधी 'विचाराधीन' म्हणून पुडी सोडून बघतं: ओरड झाली तर खुलासा, नाही झाली तर शासन निर्णय. अशी बातमी वाचताना 'हे खरं आहे का' यापेक्षा 'हे आज छापून आल्याने कोणाचं काम होतंय' हे विचारलं की पुष्कळ उलगडा होतो.

'पण त्यांनी तर साफ इन्कार केला!'

इन्कार नावानिशी येतो, बातमी निनावी असते, म्हणून इन्कार जड वाटतो. वॉटरगेटच्या काळात निक्सन यांचे प्रवक्ते रॉन झिगलर महिनोन्‌महिने 'पोस्ट'ला नावानिशी खोटं पाडत होते. १ मे १९७३ ला त्यांनीच नावानिशी माफी मागितली. इन्काराचे शब्द मोजून पाहावेत. 'बातमी निराधार आहे' आणि 'अशी बैठक झालेली नाही' यांत अंतर आहे. दुसरं वाक्य खोटं निघू शकतं, म्हणून ते बोलायला धाडस लागतं. पहिल्याला काहीच लागत नाही. कधी कधी इन्काराच्या नादात कबुलीही होते. राफेल विमानखरेदीच्या वादात 'द हिंदू'ने संरक्षण खात्यातली टिपणं छापली, तेव्हा ६ मार्च २०१९ ला सरकारतर्फे सर्वोच्च न्यायालयात सांगितलं गेलं की ती कागदपत्रं चोरीला गेली आहेत. सरकारने पुढे सारवासारव केली, पण कागद बनावट आहेत असं म्हणायचा रस्ता तेव्हाच बंद झाला होता. १० एप्रिलला न्यायालयाने ते कागद विचारात घ्यायला मोकळीक दिली.

मग नावाशिवाय छापूच नका की

मोह होतो खरा. पण हा नियम केला तर पुड्या बंद होणार नाहीत, त्या समाजमाध्यमांवर जातील. बंद होतील लिंडस्ट्रॉम आणि नळ्यांबद्दल शंका घेणारे ते अधिकारी. ज्याच्याकडे सत्ता आहे त्याला नावानिशी बोलायला कधीच अडचण नसते. त्याच्यावर नावानिशी बोलणारा सापडणं मुश्किल.

आणि अशा माणसाला बातमीदार जो शब्द देतो, त्याची कायद्यात किंमत किती? वृत्तपत्र परिषदेच्या, म्हणजे प्रेस कौन्सिलच्या, १९७८ च्या कायद्यातल्या कलम १५ मध्ये पत्रकाराला सूत्राचं नाव सांगायची सक्ती करता येणार नाही असं म्हटलंय, पण ते परिषदेसमोरच्या कामकाजापुरतं. कोर्टाला किंवा तपासयंत्रणेला ते लागू नाही. विधी आयोगाने १९८३ मध्ये आपल्या ९३ व्या अहवालात पुरावा कायद्यात दुरुस्ती करून हे संरक्षण द्यावं असं सुचवलं होतं. पेगॅसस या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरबद्दलच्या २७ ऑक्टोबर २०२१ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने सूत्रांचं संरक्षण ही वृत्तपत्रस्वातंत्र्याची मूलभूत अट असल्याचं म्हटलं. १ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष अधिनियम आला. वकील आणि अशील यांच्यातल्या बोलण्याला त्यात संरक्षण आहे, बातमीदार आणि सूत्र यांच्यातल्या बोलण्याला नाही. तालुक्याच्या गावचा बातमीदार रोजगार हमीच्या खोट्या हजेरीपटाबद्दल सांगणाऱ्या कर्मचाऱ्याला 'तुमचं नाव येणार नाही' म्हणतो, तेव्हा त्याचा फोन जप्त झाल्यावर काय होईल हे त्याचा मालक-संपादक किती दिवस वकिलाची फी भरतो यावर ठरतं.